अव्वाच्या फोटोला हार

“आत्या, खरं सांग. ही तू आहेस ना?”

शिवानीनं लॅपटॉप थेट परातीशेजारी आणून ठेवला आणि बसम्माच्या हाताखालची भाकरी थापता थापता मधोमध फाटली. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, चष्मा नाकावर बसवला आणि पडद्याकडं पाहिलं... आणि तिला वाटलं, भर बाजारात कुणीतरी आपल्या डोक्यावरचा पदर ओढून काढला. पडद्यावर सोळा-सतरा वर्षांची एक पोर होती. अंगावर तिच्या वयाला न शोभणारं जाड इरकल लुगडं, घट्ट मिटलेले ओठ, भेदरलेले डोळे, आणि डाव्या भुवईला मधोमध चिरत गेलेला एक व्रण.

तो व्रण बसम्माच्या भुवईवर आजही होता. भुवई पांढरी झाली, व्रण तसाच राहिला.

“कुटं गावला तुला ह्यो फोटो?”

“कुठं म्हणजे? आपल्या देवघराशेजारी लावलाय तोच. अव्वाचा, तुझ्या आईचा फोटो आहे हा, आत्या. पप्पा रोज सकाळी ज्याच्यापुढं वाकतात तो.”

बसम्मानं गॅस बंद केला. शेळगीतल्या या एका खोलीत ती सहा वर्षं कडक भाकऱ्या करून विकत एकटी राहत होती, आणि या सहा वर्षांत माहेरच्या घरातून तिच्याकडं कुणी येत असेल तर ही एकटी शिवानी, तिच्या भावाची, महादेवप्पाची मुलगी. तेही बापाला चोरून. पोरगी कॉम्प्युटरवर लग्नाचे अल्बम करायची आणि लोकांचे जुने, विटलेले, फाटलेले फोटो नवे करून द्यायची. निम्म्या सोलापूरचे आजी-आजोबा माझ्या हातून तरुण होऊन गेलेत, असं ती हसत सांगायची. आज मात्र ती हसत नव्हती.

“येत्या सोमवारी अव्वाचं पन्नासावं पुण्यस्मरण आहे,” ती म्हणाली. “पप्पा म्हणाले, फोटो पार खराब झालाय, नवा करून मोठा छापून आण. मी फ्रेम उघडली. काचेच्या आत ओल शिरली होती. बुरशीचे ठिपके, मधे एक घडी, खालचा कोपरा गळालेला. म्हटलं, ठिपके काढू, घडी बुजवू, झालं. पण स्कॅन करून मोठं करून बघते तर काय, अव्वाच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या ब्रशनं काढलेल्या. कानशिलावरचे पांढरे केस, तेही रंगानं. नाकातली मोरणी, कपाळावरची विभूती, सगळा रंगच. ओलीनं त्याचे पोपडे सुटले होते. ते मी पडद्यावर एकेक करून काढत गेले... आणि आतून ही बाहेर आली.”

“मायलेकी एकमेकीसारख्या दिसतात की गं,” बसम्मा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

“आणि जखमही सारखीच होते? मला आधी वाटलं फोटोला तडा गेलाय. बुजवायला घेतला आणि हात थांबला. लहानपणी तुझ्या कुशीत झोपताना याच रेघेवरून मी बोट फिरवायचे ना? जुळवून बघावं म्हणून तुझा दुसरा फोटो शोधायला गेले, तर तो एकही नाही. पप्पांच्या लग्नाचा अल्बम पालथा घातला, माझ्या बारशाचा घातला, प्रभुदादाच्या लग्नाचा घातला. सगळे आहेत, तूच नाहीस. आधारकार्डावर काय तो असेल, आणि त्यात तर कुणीच कुणासारखं दिसत नाही. तू फोटोतून पळायचीस, आत्या. आम्ही तुला हट्टी म्हणायचो.”

जी गोष्ट तिनं जन्मभर घासाबरोबर गिळली, ती आज अशी पिठाच्या परातीशेजारी उजळ होऊन बसली होती... आणि तिला भीती वाटत होती ती स्वतःसाठी नव्हती. सोमवारी महादेवप्पाला हे दिसलं तर त्याची आई जाईल. एवढा चौपन्न वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, एका क्षणात पोरका होईल. एवढंच तिला दिसत होतं.

अव्वा गेली तेव्हा बसम्मा पंधरा वर्षांची होती आणि महादेवप्पा चार वर्षांचा. अव्वा विषमज्वरानं गेली, आणि तिचा एकही फोटो नव्हता. कोण काढणार होतं? बाळीवेशीतल्या मसाल्याच्या दुकानामागच्या त्या दोन खोल्यांत अव्वा नांदली, राबली आणि संपली, आणि तिचं रूप कागदावर उतरवून ठेवावं हे तिच्या वडिलांच्या, अप्पांच्या कधी मनातही आलं नाही. बसम्माची शाळा सुटली. चूल तिच्याकडं आली, भाऊ तिच्याकडं आला. त्याला ती तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची. तो तिच्या हातचं खायचा नाही. एकदा त्यानं भरला तांब्या तिच्या तोंडावर फेकला, “तू नको, मला अव्वा पायजे,” म्हणून. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि रक्त बघून पोर असं भेदरलं की बसम्मानं एका हातानं पदर जखमेवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं त्याला मांडीवर ओढलं. “अळबेड तम्मा, रडू नको. काय नाय झालं मला.” महादेवप्पाला आयुष्यातली सगळ्यात जुनी आठवण कुणी विचारली तर तो हीच सांगायचा.

पण आईचा चेहरा मात्र तो विसरला. लहान लेकराच्या ध्यानात किती राहणार? सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्यावर, बांगड्या भरणाऱ्या एका अनोळखी बाईचा पदर त्यानं गच्च धरला आणि सोडेचना. “हीच माझी अव्वा हाय,” असं ओरडत राहिला. ती बाई ओशाळली, भोवतीची माणसं हसली, आणि अप्पांचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून अव्वाचं इरकल लुगडं काढलं, बसम्मापुढं ठेवलं आणि म्हणाले, “नेस.”

तोंडावळा तिचा अव्वाचाच होता. बाकीचं फोटोवाल्यानं केलं. सतराव्या वर्षी तिला सुरकुत्या दिल्या, केस पिकवले, मोरणी घातली. घरी आल्यावर अप्पांनी आपल्या गळ्यातलं इष्टलिंग काढून तिच्या तळहातावर ठेवलं आणि वचन घेतलं. “बसम्मा, ह्या लेकराला आई मिळू दे. तुझ्या तोंडून हे कधी बाहेर पडायचं न्हाय. माझ्या माघारीबी न्हाय.”

आणि खरोखरच पोराला आई मिळाली. फोटो भिंतीवर लागला, आणि शाळेतून आलेला महादेवप्पा दप्तर खाली टाकून झेंडूचा हार घेऊन त्याच्याकडं धावला. बसम्मा उंबऱ्यात उभी होती. आपल्याच चेहऱ्याला हार पडताना तिनं पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, आयुष्य तुटतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या दिवशी पोर पोटभर जेवलं. रडलं नाही. तिनं मनाला समजावलं, तुटलं तर तुटलं आयुष्य.

आयुष्य काही तुटलं नाही. संसार तेवढा तुटला, तोही मांडायच्या आधी! पुढच्याच वर्षी अक्कलकोटकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, बसम्माला मनातून आवडलाही होता. पण सोबत आलेली त्याची आत्या एकदा पोह्यांची बशी देणाऱ्या मुलीकडं बघायची आणि एकदा भिंतीकडं. तिनं भुवईवरचा व्रण बरोबर हेरला. “ह्या पोरीच्या फोटोला जित्तेपणी हार घातलाय,” म्हणून ती बशी तशीच ठेवून उठली, आणि गावभर झालं की या मुलीत काहीतरी अशुभ आहे. खरं काय ते सांगून टाकलं असतं तर? पण सांगायचं कसं, दारात दहा जणं आणि मधे महादेवप्पा. अप्पा तो फोटो घेऊन पुन्हा स्टुडिओत गेले आणि व्रणावर रंग भरून आणला. पुन्हा कुणाला शंका यायला नको. पुन्हा स्थळही आलं नाही.

तेव्हापासून बसम्मा कॅमेऱ्यापासून लांब राहिली, म्हणजे कुणी दोन फोटो शेजारी ठेवून बघायला नको. लग्नकार्यात फोटोवाला आला की ही स्वयंपाकघरात. चाळिशीत ती हुबेहूब त्या फोटोसारखी दिसू लागली तेव्हा तर तिनं भिंगाचा जाड चष्मा मुद्दाम लावला. आणि अव्वाच्या फोटोपुढं ती कधी उभी राहिली नाही, कधी वाकली नाही. स्वतःपुढंच स्वतः कसं वाकायचं? आईच्या नावानं आपल्याच तोंडाला फूल कसं वाहायचं?

नेमकं तेच तिच्या मुळावर आलं. महादेवप्पानं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला भरल्या घरात त्यानं तिला हाताला धरून स्वयंपाकघरातून बाहेर आणलं, हार तिच्या हातात दिला आणि म्हणाला, “अक्का, तू थोरली. अव्वाला पहिला हार तुझा.” बसम्मा हार घेऊन उभी राहिली. सगळे बघत होते. तिनं तो भावजयीच्या हातात दिला. आणि कितीतरी वर्षांचं साठलेलं महादेवप्पाच्या तोंडून बाहेर पडलं. “माझ्या अव्वाला तू आयुष्यात एकदा तरी हात जोडलास का? तिचा एवढा दुस्वास? ज्या बाईला आईपुढं वाकता येत न्हाय, तिनं माझ्या घरात राहू नये.” बसम्मा त्याच पावली निघाली. तिला वाटलं होतं, वेशीपर्यंत गेले की येईल मागनं बोलवायला. तो आला नाही.

हे सगळं बसम्मानं थंड पडलेल्या तव्यासमोर बसून सांगितलं, आणि शिवानी रडत रडत ऐकत राहिली.

“मग आता सांगू या, आत्या. सोमवारी सगळ्यांसमोर सांगू या. पप्पांना कळू दे त्यांनी कुणाला घराबाहेर काढलं ते.”

“न्हाय.” बसम्मानं तिचा हात गच्च धरला. “त्याला मी काय, अक्का हाय. असले तरी चालतंय, नसले तरी चालतंय. त्याला आई एवढी एकच हाय, त्या काचेतली. ती काढून घेऊ नको, बाई. तुझ्या ह्या मशिनीत पुसायचं असतंय की. ही भुवई पूस.”

“काय?”

“सुरकुत्या होत्या तशा घाल. केस पांढरे कर. तुझ्या आजीला परत आण. आणि ही खूण तेवढी पूस.”

शिवानी लई वेळ नाही नाही म्हणत राहिली. शेवटी बसम्मानं तिच्या पायाला हात लावायला घेतला तेव्हा पोरगी घाबरून मागं सरली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. बसम्मा शेजारी सरकून बघत राहिली. शिवानीनं शेजारची नितळ कातडी उचलली आणि व्रणावर ठेवली. मग भुवईचे दोन केस उचलले, मधल्या फटीत पेरले. अप्पांच्या फोटोवाल्याला त्या कामाला आठवडा लागला होता. इथं बघता बघता जखम बुजली, आणि पडद्यावरची पोर बसम्माची कुणी राहिली नाही. बसम्माचा हात आपसूक आपल्या भुवईकडं गेला. खूण जागेवर होती. तिला उगाचच बरं वाटलं आणि तेवढंच वाईटही वाटलं.

“एका अटीवर,” शिवानी डोळे पुसत म्हणाली. “सोमवारी तू यायचंस.”

“त्यानं हार घालायला लावला तर?”

“मी आहे ना.”

बसम्मानं पिठाची परात बाजूला सारली. मग म्हणाली, “घालीन. एकदाचा घालीन. आता काय ऱ्हायलंय आयुष्य तुटायला?”

सोमवारी महादेवप्पाच्या घरी हुग्गीचा वास दारापर्यंत आला होता. गहू, गूळ आणि खोबऱ्याची ती खीर अव्वा फार छान करायची, असं महादेवप्पा सगळ्यांना सांगायचा, आणि ती त्याला बसम्माच्या हातची आठवत असायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. मठाच्या स्वामींची पाद्यपूजा झाली होती. पाहुणे सतरंजीवर बसले होते. देवघराशेजारच्या भिंतीवर नवा, मोठा फोटो होता; शिवानीनं तो स्वतः लावून त्याच्यावर पांढरं वस्त्र टाकलं होतं.

बसम्मा दारात दिसली आणि बोलणी थांबली. महादेवप्पा उठून उभा राहिला. सहा वर्षांत तो जाड झाला होता, केस पिकले होते, आणि बसम्माला तरीही त्याच्या जागी ते तांब्या फेकणारं पोरच दिसलं. धावत जावं, त्याचं तोंड दोन्ही हातांत घ्यावं, असं तिला वाटलं. पण ती चपला काढून कडेला उभी राहिली.

“आलीस,” तो म्हणाला.

“आले.”

“शिवानी म्हणत होती तू येणार. मला खरं वाटत नव्हतं.” तो दोन पावलं पुढं आला. “अक्का, मी त्या दिवशी लई बोललो. ते मला रोज टोचतंय. पण माझंबी एक ऐक. आज पन्नास वर्षं झाली तिला. एकदा तिला हार घाल. एकदा हात जोड. मग तू जे म्हणशील ते मी ऐकतो. पाया पडून तुला ह्या घरात परत आणतो.”

त्यानं झेंडू-शेवंतीचा हार उचलून तिच्यापुढं धरला. सगळ्या घराची नजर त्या हारावर होती. बसम्मानं हात पुढं केले. हार जड होता, ओला होता. अप्पा, तुमचा शब्द पाळतीय बघा... असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि फोटोकडं निघाली. महादेवप्पा तिच्या मागोमाग आला आणि त्यानं वरचं वस्त्र ओढलं.

बसम्मानं हार उंच धरला, मान वर केली, आणि तिचे हात तिथंच थबकले.

सुरकुत्या होत्या. पांढरे केस होते, मोरणी होती, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते. आणि डाव्या भुवईच्या मधोमध, लख्ख, नुकता झाल्यासारखा, व्रण होता.

तिनं मागं वळून शिवानीकडं पाहिलं. शिवानी खांबाला टेकून उभी होती. “मला माफ कर, आत्या,” ती म्हणाली. “पुसला होता गं. छापायला देताना हात धजला नाही.”

“काय पुसला होता?” महादेवप्पा म्हणाला. “काय पुसायचं होतं?”

त्यानं फोटोकडं पाहिलं. मग फोटोपुढं हार धरून उभ्या असलेल्या, जाड चष्म्याआड रडणाऱ्या आपल्या बहिणीकडं पाहिलं. बसम्मा आयुष्यात पहिल्यांदा त्या फोटोशेजारी उभी होती. महादेवप्पानं हात पुढं केला, बहिणीचा चष्मा हळूच उतरवला आणि तिच्या भुवईवर अंगठा टेकवला.

“ही जखम मी केलीय,” तो म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. “तांब्या मारला होता मी. अव्वा पायजे म्हणून. म्हणजे अव्वा तवा नव्हतीच. मग ही अव्वाला कुटनं आली?”

“तम्मा, मशिनीत काय तरी चुकलं असंल—”

“अक्का.” तो इतक्या हळू बोलला की मागच्यांना ऐकू गेलं नाही. “हा फोटो कुणाचा हाय?”

बसम्माला खोटं बोलायचं होतं. शिवाची शपथ, तिला खोटंच बोलायचं होतं. पण त्याचा अंगठा अजून तिच्या भुवईवर होता आणि इतक्या वर्षांत तिला असा कुणी हात लावला नव्हता. तिचा बांध फुटला. अडखळत, हुंदके देत तिनं सगळं सांगितलं. गड्ड्यावरच्या बांगडीवाल्या बाईचं, अप्पांच्या लुगड्याचं, तळहातावरच्या इष्टलिंगाचं. अक्कलकोटच्या स्थळाचं सांगणार नव्हती. ते शिवानीनं सांगितलं.

महादेवप्पा फोटोपुढं खाली बसला. मग त्यानं बहिणीच्या हातातला हार काढून घेतला आणि बाजूला ठेवून दिला.

“जित्या माणसाला हार घालत्यात व्हय,” तो म्हणाला. “मी रोज घालत होतो. रोज, अक्का. लहानपणापासनं. तू घरातनं गेलीस त्या दिवशीबी घातला. तुला हाकललं आणि आत येऊन तुझ्याच पाया पडलो.” आणि तो मोठमोठ्यानं रडू लागला. त्याची बायको पुढं आली तर त्यानं तिला हातानंच थांबवलं. बसम्मा त्याच्याशेजारी बसली आणि तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

“अळबेड तम्मा. काय नाय झालं मला.”

पाहुणे एकेक करून आत सरकले. स्वामीही उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. बऱ्याच वेळानं महादेवप्पा उठून बसला, नाक पुसलं, आणि बसम्माच्या ध्यानीमनीही नव्हतं ते त्यानं विचारलं.

“मग अव्वा कशी होती, अक्का?”

“कशी म्हणजे?”

“तोंड. डोळे. तू तर पंधरा वर्षांची होतीस. तुला आठवत असंल की. तू सांग, मी ऐकतो.”

बसम्मानं डोळे मिटले. किती सोपं होतं. तिनं जुन्या घरातलं स्वयंपाकघर आठवलं, कोपऱ्यातलं जातं आठवलं, जात्यावर बसलेली अव्वा आठवली. पाठ दिसली. मानेवरचा सैल अंबाडा दिसला. मिरच्या कुटून लाल झालेली बोटं दिसली, हिरव्या बांगड्या दिसल्या, लुगड्याला येणारा हळदीचा वास आला. अव्वा, इकडं बघ की गं, असं ती मनात म्हणाली. अव्वानं मान वळवली... आणि तो फोटोच होता. घट्ट मिटलेले ओठ, रंगानं काढलेल्या सुरकुत्या. तिनं पुन्हा प्रयत्न केला. विहिरीवरची अव्वा, तापात निजलेली अव्वा, वेणी घालणारी अव्वा. प्रत्येक वेळी मान वळायची आणि तोच कागद समोर यायचा. येता-जाता, उठता-बसता, भाऊ ज्याला आई म्हणत होता त्या चेहऱ्यानं तिच्या खऱ्या आईला केव्हा हळूच झाकून टाकलं, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

“मला न्हाय आठवत,” ती म्हणाली. “तम्मा, मला अव्वा दिसंना. मी दिसतीय. सगळीकडं मीच दिसतीय रे.”

आणि जी बाई लग्न मोडलं तेव्हा रडली नव्हती, घर सुटलं तेव्हा रडली नव्हती, ती लहान पोरीसारखी आई आई करून रडली. आता भावानं तिला जवळ घेतलं. दोघं पिकल्या केसांची पोरकी भावंडं त्या भिंतीखाली तशीच बसून राहिली, आणि आतमधे हुग्गी निवून घट्ट झाली.

“आत्या,” शिवानी शेवटी चाचरत म्हणाली. “मी करू शकते. तुझा चेहरा, पप्पांचा चेहरा, दोन्हींवरून कॉम्प्युटर अंदाज काढतो. अव्वा कशी दिसत असेल, ते जवळजवळ...”

“नको.” बसम्मानं मान हलवली. “एकदा केलं तेवढं पुरे.”

त्या दिवशी बसम्मा शेळगीला परत गेली नाही. महादेवप्पानं तो फोटो स्वतःच्या हातानं उतरवला, काच पुसली आणि बाहेरच्या खोलीत, हाराशिवाय, जित्या माणसांच्या फोटोंमध्ये लावला. देवघराशेजारी नुसता खिळा राहिला, आणि खिळ्याखाली रंग न विटलेला एक चौकोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून तो सवयीनं तिथं येऊन उभा राहिला. चिमटीत विभूती होती. रोज तो ती फोटोच्या काचेवर लावायचा. आज काच नव्हती. तो तसाच हात अधांतरी धरून उभा राहिला, आणि बसम्मानं ते स्वयंपाकघरातून पाहिलं. ती बाहेर आली.

“भिंतीला लाव,” ती म्हणाली.

त्यानं तीन बोटांनी कोऱ्या भिंतीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. कपाळ असावं तेवढ्या उंचीवर. मग तो बाजूला झाला. बसम्मा पुढं आली, तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा अव्वापुढं हात जोडून ती वाकली.